भुंगीची शाळा कुठली

४ मार्च, मंगळवार

परीक्षा दिली म्हणे! आणि घरात मला सोडून सगळ्यांना ठाऊक!

भुंगीच्या शाळेतल्या बाई संध्याकाळी आमच्या लॉन्ड्रीच्या दुकानात आल्या, त्यांचा कोट न्यायला. कोटावरचा शाईचा डाग मी घासघासून काढला होता. म्हटलं, आता चार शब्द कौतुकाचे कानावर पडतील. तर बाई म्हणतात, "अभिनंदन हो आजी, तुमची नात निवडली गेली!" मी म्हटलं, कुणी निवडली? कशाला? आम्ही काय विकायला काढलीय का तिला? बाईंचं तोंड उघडंच राहिलं. मागे कपडे धुवायच्या ड्रमजवळ माझा मुलगा उभा होता, तो एकदम वाकून गळती शोधायला लागला. गळती कुठेच नव्हती.

मग हळूहळू बाहेर आलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी शाळा आहे, तिथे फार हुशार पोरांचा वेगळा वर्ग चालतो. परीक्षा घेऊन सगळ्या शहरातून पोरं चाळून घेतात. मागे एका रविवारी "पोहायला नेतो" म्हणून नवरा-बायको भुंगीला घेऊन गेले होते. मी टॉवेलसुद्धा दिला होता बरोबर! तो कोरडा परत आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. जगाचे टॉवेल ओळखते मी, घरचा तेवढा हुकला.

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही चिडाल म्हणून नाही सांगितलं."

"मग आता काय, नाचतेय मी?"

५ मार्च, बुधवार

बोटं आखडलीत. जन्मभर पिळत आले, दुसरं काय होणार. दवाखान्यात रबरी चेंडू दिला, म्हणाले दाबत बसा. भुंगी म्हणाली, "आजी, त्यापेक्षा लिही. बोटं पण हलतील आणि लोकांना कमी बोलशील." आठ वर्षांची कार्टी! चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते गठ्ठ्यांवर नंबर टाकायला. पण लिहितेय. चेंडूला काही सांगता येत नाही. कागदाला सांगता येतं.

भुंगी म्हणजे माझी एकुलती नात. खरं नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, तिथेच बरं आहे. काही सोडवायला बसली की तोंडातल्या तोंडात ऊंऽऽऽ करते. सूर नाही, ताल नाही. खिडकीत भुंगा अडकल्यासारखं. म्हणून भुंगी.

शाळा सुटली की गल्ली ओलांडून सरळ आमच्या लॉन्ड्रीत. दप्तर टोपलीत, बिस्किट तोंडात, आणि मोज्यांच्या जोड्या लावायला बसणार. आमच्याकडे प्रत्येक कपड्याला आतून रंगीत दोऱ्याची खूण असते, कुठल्या गिऱ्हाइकाचा ते कळायला. हिला सगळ्या खुणा पाठ. एकदा विचारते, "आजी, आपल्याकडे जेवढे रंग आहेत त्यांनी किती गिऱ्हाइकांना वेगळी खूण देता येईल?" म्हटलं, जेवढी येतील तेवढ्यांना. ते उत्तर काही तिला पटलं नाही. ऊंऽऽऽ सुरू. शेवटी शहरातली माणसं संपली तरी हिच्या खुणा संपेनात!

आता हिला उजाडायच्या आत बसमध्ये कोंबायचं आणि दिवे लागल्यावर उतरवून घ्यायचं. आत्ताची शाळा इतकी जवळ आहे की मी दारातून हाक मारली तर वर्गातली पोरं "आजीऽऽ" म्हणून ओरडतात. आणि ती दुसरी! चाळणी. मी तिला चाळणीच म्हणणार.

७ मार्च, शुक्रवार

सूनबाईशी अबोला. भुंगी निरोप पोचवते. दोन्हीकडचा निरोप साखर घालून पोचवते. मी म्हटलं, "सांग तुझ्या आईला, चहा गार पाणी झालाय." ही आत जाऊन म्हणते, "आई, आजी म्हणते चहा परत पिऊया का?" — लबाड.

९ मार्च, रविवार

अबोला सुटला, भांडण लागलं. तेवढाच बदल.

सूनबाई दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांची हाडं बघते, त्यामुळे तिला वाटतं आपल्याला सगळ्यांच्या आतलं दिसतं. जेवताना म्हणाली, "ती इथे कंटाळतेय. मला दिसतं ना."

मी म्हटलं, "कंटाळत असती तर उड्या मारत शाळेत गेली असती का?"

"शाळेत जाताना नाही मारत, आई. शाळेतून येताना मारते."

बोलण्यात ही हार जाणार नाही कुणाला. मग मी माझ्या धंद्यातलं काढलं. म्हटलं, मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. एक टोक हिच्या हातात, एक तिच्या. आपल्याकडची लांबी — शिडीएवढी उंच बाई, घड्या घालायला असते ती — नवीन आली तेव्हा काय होती? टोक सुटायचं, चादर जमिनीला लागायची, परत धुवा. मी तिला चपळ बाईच्या जोडीला उभी केली. आता लांबीचा हात बघा. चपळ बायका एकीकडे आणि ढिल्या एकीकडे अशा उभ्या केल्या असत्या तर दुकान कधीच बंद पडलं असतं. हुशार पोर बाकीच्यांत राहिली की बाकीची वर येतात, आणि तीही माणसांत राहते.

सूनबाई ऐकून घेते, ते कबूल केलं पाहिजे. मग म्हणाली, "चादरीला दोघी लागतात, आई. ती चपळ बाई पुढे काय शिकली?"

मी म्हटलं, "थांबायला शिकली!"

"आणि?"

आणि काय! मी डाळ वाढून घेतली.

मुलाला विचारलं तुझं काय मत. हा फार विचार करून म्हणाला, "झोप पुरी होणार नाही तिची." आणि मीठ पुढे सरकवलं. संपलं व्याख्यान. याचा बाप पण असाच होता. बोलायचं साठवून ठेवल्यासारखं आणि शेवटी कळतं की आत काही नव्हतंच.

भुंगी काय करत होती? ताटातल्या मटारांचे त्रिकोण. एक खायची, बाकीचे परत मांडायची.

११ मार्च, मंगळवार

आज मनाला लागेल असं बघितलं.

भुंगीच्या शाळेचे पडदे धुऊन तयार होते. एरवी मुलगा पोचवतो. आज मीच गेले. म्हटलं, बघूया तरी त्या वर्गात काय आहे ते. शिपाई ओळखीचा. तो पडदे लावेपर्यंत मी व्हरांड्यात, जाळीच्या खिडकीशी.

बाई फळ्यावर गणित घालत होत्या. पोरं माना खाली घालून. कुणी पेन्सिल चावतंय, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतंय. आमची बया? झालेलं. वही बंद. हात मांडीवर. मग उठली, बाकाबाकावरून फिरली आणि सगळ्यांच्या पेन्सिली गोळा केल्या. पलीकडच्या खिडकीशी उभी राहून एकेकीला टोक काढत बसली. किती निगुतीनं! फुंकर मारायची, बोटानं टोक तपासायचं, ज्याची त्याला नेऊन द्यायची. पोरं मान वर न करता हात पुढे करत होती. म्हणजे रोजचंच.

आणि तोंडातून आवाज नाही. ऊं नाही की चूं नाही.

बाई बाहेर आल्या. चांगल्या आहेत बाई, एवढी पोरं सांभाळतात, वर हसतात. म्हणाल्या, "तुमची नात म्हणजे माझा उजवा हात आहे हो. जायला नको असं वाटतं. पण माझ्याकडे तिला द्यायला काही उरलं नाही. खरं सांगते."

मी म्हटलं, "पडद्याची एक कडी तुटलीय, उद्या शिवून देते."



दुकानात काम नसलं की बायका बटणं निवडत बसतात. रंगाप्रमाणे. हाताला चाळा. मी बघितलं की ओरडते — काम नाही तर घरी जा, उगाच बसून झिजू नका. आणि माझी नात रोज तिथे बसून पेन्सिली झिजवते.

घरी कुणाला सांगितलं नाही.

१२ मार्च, बुधवार

अजून नाही सांगितलं. सांगितलं तर सूनबाई जिंकली. माझा स्वभाव काय आज बदलणार?

भुंगीला म्हटलं, "शाळेत काय केलंस गं आज?"

"छान होतं."

"काय केलंस?"

"मदत."

१५ मार्च, शनिवार

सूनबाईला सुट्टी होती. दुकानात येऊन बसली माझ्या शेजारी, बटणं लावायला. तिचा टाका बारीक आहे. मी कधी सांगितलं नाही तिला, कशाला चढवा.

खाली बघतच म्हणाली, "मी वर्गात पहिली असायचे, आई. माझं काय करायचं ते कुणाला कळायचंच नाही. मला फळा पुसायला लावायचे. खडू मोजायला लावायचे. सगळे म्हणायचे, किती गुणी मुलगी." दोरा तोडला दातानं. "इतकी वर्षं गुणी राहिले की पुढे कुणी अवघड काही समोर ठेवलं तर भीतीच वाटायची. डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्यांदा नापास झाले आणि घाबरून सोडूनच दिलं."

मला हे ठाऊकच नव्हतं. एका घरात राहतो आम्ही! हिच्या चादरींची घडी कशी असते, हिला चहात साखर किती लागते, सगळं ठाऊक. हे नाही.

मी म्हटलं, "पेन्सिलींना टोक काढत बसते ती. सगळ्या वर्गाच्या."

सूनबाईचा हात थांबला.

"मंगळवारी बघितलं मी. सांगणार नव्हते."

"मग का सांगितलंत?"

"तुझं बटण उलटं लागलंय म्हणून."

ती हसली. मग मी पण. बटण खरंच उलटं लागलं होतं.

चाळणीवाले आधी एक दिवस पोराला वर्गात बसवून बघतात. मग आईबापांनी शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं, समक्ष जाऊन. त्या एका दिवशी भुंगीबरोबर मी जाणार असं ठरवून घेतलं. सूनबाई म्हणाली, "तिथे कुणाला काही बोलू नका हं, आई." मी म्हटलं, मी कधी बोलते का कुणाला? लांबीला ठसका लागला.

१८ मार्च, मंगळवार

जाऊन आले. पाय भरून आलेत, पण लिहिते.

बस गल्लीबोळांतून फिरत फिरत जाते. भुंगी खिडकीशी, मी तिच्या दप्तराखाली. शाळा मोठी. भिंतीवर पोरांनीच काहीबाही चिकटवलेलं, सगळं वाकडं. पडदे मात्र कुणी धुतले होते देव जाणे, खळ नाही की कड नाही.

वर्गात इतका कलकलाट! मी म्हटलं, हुशार पोरं अशी असतात? एक मुलगी बाकावर चढून बाईंशी भांडत होती, तुमचं चुकलंय म्हणून. आणि बाई म्हणतात, दाखव बघू कुठे. भुंगी दारात थबकली. माझ्या हाताचं बोट घट्ट धरलं. मग सोडलं. आत गेली. दार लागलं.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. नातू आत. म्हणाले, "आमचा तीन भाषा बोलतो."

मी म्हटलं, "बूट कोण बांधतं?"

"...मी."

मग आमचं छान जमलं. त्यांनी मला खारे दाणे दिले.

घंटा झाली, पोरं धो धो बाहेर आली. आमची सगळ्यांत शेवटी. चेहरा लालबुंद, डोळे गळतायत, नाक वाहतंय, हुंदके अडकतायत. माझी पोर! जी कधी गुडघा फुटला तरी रडत नाही ती! मला ती शाळा पाण्यात बुडवून पिळावीशी वाटली.

आमच्या धंद्यात डोळे कायम गळतात. ब्लीच, वाफ, साबण. म्हणून दुकानात रीतच पडलीय — कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर का म्हणून विचारत बसायचं नाही. ओला टॉवेल हातात द्यायचा आणि आपल्या कामाला लागायचं. घरातही तेच चालत आलंय. मी पिशवीतला टॉवेल ओला करून दिला. तिनं तोंडावर धरला. बसमध्ये माझ्या दंडाला डोकं टेकून बसली. उतरेपर्यंत तिचा हात माझ्या हातात होता.

खोटं लिहिणार नाही. वाईट वाटलं, आणि त्याच्या खाली कुठेतरी बरं पण वाटलं. आता ही कुठे जात नाही.

१९ मार्च, बुधवार

ठरलं. नाही म्हणायचं.

सूनबाईला सांगितलं कशी बाहेर आली ते. तिचा चेहराच उतरला. ओटा पुसायला लागली आणि म्हणाली, "रडवून नाही पाठवायची. माझं मी तिच्यावर लादत होते बहुतेक." मी म्हटलं, तसं काही नाही गं. हे मी म्हटलं! जी इतके दिवस भांडत होते ती मी!

मुलगा म्हणाला, शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या चादरी पोचवायला निघेन तेव्हा पुढे जाऊन सांगून येतो. एका दमात एवढं बोलला. म्हणजे त्यालाही लागलंय.

भुंगीसमोर विषय काढायचा नाही असं ठरलं. उगाच जखम उकरायची कशाला. ती आल्यापासून कोपऱ्यात बसून शर्ट गुंडाळायच्या कागदावर रेघोट्या ओढतेय. गोल, बाण, परत खोडायचं. बिस्किटाला हात नाही. मोजे तसेच. लांबी म्हणाली, पोरीनं धसका घेतला. मी म्हटलं, कागद फुकट येतो का गं? आणि तिला अजून दोन कागद दिले.

२० मार्च, गुरुवार

सगळे एकमेकांशी इतके गोड वागतायत की जीव गुदमरायला लागलाय. सूनबाईनं मला विचारलं, आई, पाठीला तेल लावू का? मुलगा भुंगीला खांद्यावर घेऊन दुकानभर फिरला, आठ वर्षांच्या घोडीला! ती वरून खाली बघत नुसती कुठेतरी हरवलेली.

माझ्या मनासारखं झालं सगळं. मग जेवण का जाईना?

त्या पेन्सिली डोळ्यांसमोरून हलत नाहीत. बाईंना सांगायचं ठरवलंय, बाई, तिला टोक काढायला लावू नका, दुसरं काहीतरी द्या. काय देणार? त्या बिचाऱ्या म्हणाल्याच की, उरलं नाही म्हणून. मग सूनबाई संध्याकाळी देईल काही अवघड. मी दोऱ्यांचे रंग वाढवेन. करू काहीतरी. तीन-तीन मोठी माणसं आहोत घरात.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी मुलगा गाडीत चादरी भरत होता. मी दुकानातच भुंगीला दूध दिलं, आणि राहवलं नाही म्हणून म्हटलं, "आता नाही हं तिकडे जायचं. बाबा सांगून येतोय. पुन्हा कुणी रडवणार नाही तुला."

तिनं पेला खाली ठेवला. "कुणी रडवलं?"

"रडत नव्हतीस का बाहेर येताना?"

"घंटा झाली म्हणून रडले! माझं गणित अर्धंच झालं होतं! आजी, मला येतच नव्हतं, कितीही केलं तरी येत नव्हतं, आणि बाई म्हणाल्या वेळ संपला —" आणि परत डोळे भरले. "एवढे कागद भरले तरी अजून येत नाहीये. मला परत जायचंय."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज. मुलाचा मोबाइल नेहमीसारखा इस्त्रीच्या टेबलावर.

धावले. अनवाणी, ॲप्रन तसाच, आखडलेल्या बोटांनी ॲप्रन वर धरून. सगळी गल्ली बघत होती, बघू दे. कोपऱ्यावर गाठला. काचेवर थापा मारल्या. त्यानं घाबरून काच खाली केली, "आई! काय झालं?"



"हो म्हण," म्हटलं. "तिथे जाऊन हो म्हणून ये."